अक्षराला आवाज असतो
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला शिक्षण या विषयावर बोलायला सांगितले. शिक्षणावर बोलायचे म्हटले की आपल्याकडे भाषण ठरलेले असते. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन गोष्टी म्हणायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचे. आम्ही आज त्या तीनपैकी पहिल्या शब्दावरच थांबणार आहोत. 'शिका' म्हणजे नेमके काय? पोरगं शाळेत घातलं, दप्तर घेतलं, फी भरली, म्हणजे ते शिकलं का? आम्ही गिरणीत काम करणारी माणसं. कापूस गिरणीच्या दारातून आत गेला म्हणजे सूत झालं, असं होत नाही. तो पिंजावा लागतो, विंचरावा लागतो, त्याचा पेळू करावा लागतो, मग कुठे पीळ बसून धागा निघतो. मधली एक पायरी सुटली तर पुढे धागा तुटतच राहतो. वाचनाचंही तसंच आहे. आज त्या सुटलेल्या पायरीबद्दल बोलायचे आहे.

विहारात संध्याकाळी जो अभ्यासवर्ग चालतो, तिथे चौथी-पाचवीची पोरं येतात. पुस्तकातला धडा काढून दिला की घडाघडा वाचतात. आईबाप खूश होतात. पण तेच पोरगं समोर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला की गप्प बसतं. कारण धडा ते वाचत नव्हतं, तो त्याला पाठ होता. डोळे पानावर आणि तोंड आठवणीवर चालत होतं. आणि हे आपल्याच वस्तीचं दुखणं आहे असंही नाही. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशभर खेड्यापाड्यांतून होते. तिच्या २०२२ च्या अहवालात पाचवीतल्या १०० मुलांपैकी जेमतेम ४३ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ च्या पाहणीत थोडी सुधारणा दिसली, तरी आकडा निम्म्याच्या खालीच राहिला.

यात आपलं काय अडलंय, ते नीट ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं. वाचता न येणारं पोरगं पुढे ढकललं जायचं आणि नववीत एकदम उघडं पडायचं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही पास झालं नाही तर त्याच वर्गात बसायचं. म्हणजे आता दहा-अकरा वर्षांच्या पोरावर 'नापास' हा शिक्का बसू शकतो. आणि असा शिक्का बसलेलं गरिबाचं पोरगं परत शाळेत जातं की हॉटेलात कपबशा विसळायला जातं, हे या सभेत कोणाला सांगायला नको. म्हणून पाचवीच्या आत वाचता येणं ही आपल्यासाठी हौसेची गोष्ट नाही, गरजेची गोष्ट आहे.

आता चूक कुठे होते? पोरांना अक्षराचं चित्र दाखवतात, अक्षराचा आवाज कोणी दाखवत नाही. 'क कमळाचा, म मक्याचा' हे गाणं पाठ होतं. मग 'कम' वाचायला दिलं की पोरगं म्हणतं, 'क कमळाचा म मक्याचा'. दोन आवाज एकत्र आणून शब्द करायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. बाराखडीचं तसंच. 'क का कि की' एका दमात म्हणतं, पण मधलं 'कै' बोट ठेवून विचारलं की पुन्हा 'क' पासून सुरुवात करून तिथवर येतं. जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय वर येताच येऊ नये, तशातली गत.

यावर इलाज साधा आहे. तो आम्ही वर्गात करतो, तुम्ही घरी करू शकता. आधी अक्षर नकोच. आधी कान तयार करायचा. भाकरी थापता थापता विचारायचं, 'म' ने सुरू होणारं काय काय आहे घरात? माठ, मीठ, मिरची, मावशी. मग शेवटचा आवाज विचारायचा. मग शब्द तोडायचा. बा-द-ली, तीन टाळ्या. च-प-ला, तीन टाळ्या. खि-ड-की, तीन टाळ्या. तोडता आलं की जोडायला लावायचं. आपण म्हणायचं 'खु... र्ची', पोरगं म्हणेल 'खुर्ची'. याला ना पाटी लागते ना पेन्सिल. आणि मायबहिणींनो, यासाठी आईला स्वतः लिहितावाचता यावंच लागतं असंही नाही. आवाज ओळखायला कान लागतो, आणि तो सगळ्यांना आहे.

त्यानंतर अक्षरं. पण सगळी मुळाक्षरं एकदम नाहीत. क, म, र, न, ल, ब, त, स ही आठ अक्षरं आणि काना, एवढ्यावर किती शब्द होतात पाहा. कान, नाक, मान, काम, ताक, तास, सात, रात, लाल, बाक, मामा, बाबा, काका, कमान. पहिल्या पंधरा दिवसांत पोरगं स्वतः शब्द वाचतं. 'मला येतं' हे त्याला कळतं. ज्याला कळलं की आपल्याला येतं, त्याला पुढे ओढावं लागत नाही, ते स्वतःच चालतं. मग चार नवी अक्षरं, एक नवी वेलांटी, पुन्हा शब्द. असं करत जायचं.

मराठीत चार-पाच ठिकाणं अवघड आहेत. तिथे पोरं अडतातच. ती सांगून ठेवतो.

पहिलं, पहिली वेलांटी. 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण बोलताना तिचा आवाज 'क' नंतर येतो. डोळा एक सांगतो आणि तोंड दुसरं. म्हणून बोट आधी 'क' वर ठेवायला शिकवायचं, मग वेलांटीवर. दुसरं, शेवटचं अक्षर. 'घर' लिहिताना 'र' पुरा असतो, बोलताना तो अर्धा होतो. पोरगं 'घ...र...' असं सुटं सुटं वाचतं आणि त्याला तो आपल्या घराचा शब्द आहे हेच उमगत नाही. तेव्हा 'आता बोलतोस तसं म्हण' एवढं सांगितलं की काम होतं. तिसरं, एका अक्षराचे दोन आवाज. चाकातला 'च' आणि चिमणीतला 'च' एक नाही. जाळ्यातला 'ज' आणि जीवनातला 'ज' एक नाही. हे पोराला उघड सांगावं, नाहीतर ते गोंधळतं. चौथं, 'र' ची रूपं. 'सर्व' मध्ये तो डोक्यावर बसतो, 'प्रकाश' मध्ये पायाशी येतो, 'ट्रक' मध्ये खाली टेकू लावतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक कानाला कळला तरच हाताला कळतो.

पाचवं ठिकाण ऱ्हस्व-दीर्घाचं. याने तर मोठी माणसंही घाबरतात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आणि १९७२ ची त्यात भर, मिळून अठरा आहेत. ते सगळे पोराच्या डोक्यावर ओतायची गरज नाही. दोन गोष्टी आधी पुऱ्या होतात. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी आणि उकार बहुतेक वेळा दीर्घ: पाणी, वही, चाकू, गुरू. आणि 'फूल' म्हणताना ऊ लांब, पण 'फुलाला' म्हणताना तोच आखूड होतो. मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, गरीब-गरिबाला. मोठ्याने म्हणून बघा, कान स्वतःच सांगतो. 'आणि' सारखे थोडे अपवाद सवयीने येतात.

आता कोणी म्हणेल, हे आवाजाचं खूळ परदेशातून आलं. इंग्रजी शाळांत याला फोनिक्स म्हणतात, हे खरं. अमेरिकेत यावर पन्नास-साठ वर्षं भांडण चाललं. एक बाजू म्हणे, अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवा. दुसरी म्हणे, अक्षराचा आवाज शिकवा. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने झालेले अभ्यास तपासून सांगितलं की आवाज क्रमाने आणि नीट शिकवलेल्या मुलांना वाचन आणि स्पेलिंग जास्त चांगलं येतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या मुलांची चाळीस शब्दांची चाचणी घेतात. त्यात वीस शब्द खरे आणि वीस बनावट असतात. बनावट कशाला? कारण बनावट शब्द पाठ करून येता येत नाही. आम्ही हीच युक्ती वर्गात वापरतो. 'लमक', 'तिबू', 'सानुर' असे बिनअर्थाचे शब्द फळ्यावर लिहितो. पोरं हसतात, पण जे वाचतं ते खरंच वाचतं, आणि जे अडतं ते नेमकं कुठे अडलं ते आपल्याला दिसतं. घरी करून पाहा.

पण बंधूंनो, आवाजावर अक्षर बसवायचं ज्ञान आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. आपली देवनागरी ज्या ब्राह्मी लिपीतून आली, त्या लिपीत सम्राट अशोकाने इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात शिलालेख कोरले. मुंबईजवळ सोपाऱ्याला त्यातला एक तुकडा १८८२ मध्ये सापडला. राजाने दगडावर लोकांच्या बोलीत लिहून ठेवलं, ते लोकांपर्यंत पोचावं म्हणून. त्या ब्राह्मीतही काना-वेलांटी अक्षरालाच जोडलेली आहे. आपली वर्णमालाही नीट लावलेली आहे. क-ख-ग घशाजवळ, च-छ-ज टाळूला, ट-ठ-ड त्याच्या पुढे जीभ वळवून, त-थ-द दाताला, प-फ-ब ओठाला. बाळांनो, आत्ताच करून पाहा. तळहात तोंडासमोर धरा आणि 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख' ला हाताला वारा लागतो की नाही? आता गळ्यावर हात ठेवा, 'क' म्हणा, मग 'ग' म्हणा. 'ग' ला गळा थरथरतो. एवढं शास्त्र ज्या लिपीत आहे, ती आपण पोरांना पोपटासारखी घोकायला लावतो!

कार्ल्याच्या लेण्यात दानाचे लेख आहेत, त्यात एका सुताराचं नाव आहे. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमेचा आणि तिच्या व्याजातून भिक्खूंना चीवर द्यायचा हिशेब कोरलेला आहे. सूत आणि कापडाचं काम करणाऱ्यांचं नाव धम्माच्या भिंतीवर अक्षरात आहे. आम्हा गिरणीवाल्यांना याचा अभिमान वाटतो.

बोलीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपलं पोरगं घरात 'पानी', 'न्हाई', 'व्हय' म्हणतं. शाळेत कोणी गुरुजी त्याला सगळ्यांसमोर 'अशुद्ध' म्हणतात, वर्ग हसतो, आणि पोरगं त्या दिवसापासून तोंड उघडत नाही. तोंड बंद झालं की वाचन बंद झालं. विनयपिटकात चुल्लवग्गात एक कथा आहे. दोन भिक्खूंनी भगवंताला विनंती केली की धम्म छंदात, म्हणजे वेदासारख्या भाषेत बांधावा. भगवंताने नकार दिला आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत शिकावं अशी अनुमती दिली. मग आपण आपल्या पोराच्या भाषेला का नावं ठेवायची? त्याला सांगायचं, 'तू घरात पानी म्हणतोस, ते बरोबर आहे. पुस्तकात ते पाणी लिहितात, तिथे जीभ जरा मागे वळव.' दोन्ही आवाज त्याचे आहेत. एक शिकवायला दुसऱ्याची लाज वाटायला लावायची गरज नाही.

आता आपल्या हातातलं सर्वात सोपं पुस्तक कुठलं? वंदनेचं. इथल्या प्रत्येक पोराला त्रिशरण-पंचशील पाठ आहे. पण किती जण ते बोट ठेवून वाचतात? पाठ असलेल्या ओळीवर बोट ठेवायला लावा. कानाला शब्द माहीत आहे, आता डोळ्याला त्याचं अक्षर भेटेल. जोडाक्षर शिकवायला तर पालीसारखी दुसरी सोय नाही. धम्म, मग्ग, सच्च, निब्बान. एकच व्यंजन दोनदा, किंवा त्याच घरातलं भावंड, जसं बुद्ध. हे जमलं की शेजारी मराठी शब्द लिहा. धम्म-धर्म, मग्ग-मार्ग, सच्च-सत्य, निब्बान-निर्वाण. रफार आणि यफला तिथेच समजतात, आणि शब्दाचा अर्थही कळतो. दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटं एवढंच करायचं.

इंग्रजीकडे येतो. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी पोटाला चिमटा काढून पोरं इंग्रजी माध्यमात घातली आहेत. तिथे काय चालतं? 'सी ए टी कॅट, सी ए टी कॅट'. आता 'सी', 'ए' आणि 'टी' जोडून पाहा, 'सीएटी' होतं. त्यातून 'कॅट' कुठून निघालं? पोराला कळायचा मार्गच नाही, म्हणून ते घोकतं, आणि हजार शब्द झाले की डोकं हात टेकतं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज साधारण चव्वेचाळीस. म्हणून अक्षराचं नाव वेगळं आणि त्याचा आवाज वेगळा, हे पहिल्या दिवशी सांगायचं. सी चा आवाज क्, ए चा ॲ, टी चा ट्. क्-ॲ-ट्, कॅट. इथे आपल्या लिपीचा फायदा होतो. इंग्रजी शिकवणारे बजावतात की 'ब' म्हणताना मागे 'अ' लावू नका. आपल्याकडे त्यासाठी पायमोडका ब् तयारच आहे. आणि ॲ, ऑ हे आवाज २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत घेतलेलेच आहेत.

सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी करावी. सॅट, पिन, टिन, टॅप, सिप, पॅन, नॅप एवढे शब्द लगेच होतात. मग दोन अक्षरं मिळून एक आवाज. एस-एच म्हणजे श, सी-एच म्हणजे बहुधा च. मग शेवटचा मुका ई. के-आय-टी किट, पण शेवटी ई लावला की काइट. सी-ए-पी कॅप, ई लावला की केप. स्पेलिंगही तसंच. शब्द आधी बोटांवर आवाजात तोडायचा, मग प्रत्येक आवाजाचं अक्षर लिहायचं. 'स्टँप' चे आवाज पाच, बोटं पाच, अक्षरं पाच. आपल्या कानाला दोन जागी त्रास होतो. 'शिप' आणि 'शीप' मध्ये आखूड-लांब पाहा. आणि व्ही-डब्ल्यूचा घोळ. व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आरशासमोर शिकवा. इंग्रजीत काही शब्द नियमात बसत नाहीत, 'सेड', 'वॉज', 'वन' असे. ते थोडे थोडे पाठच करायचे. पण थोडे पाठ करणं आणि सगळंच पाठ करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक सावधगिरी. आवाज हे दार आहे, घर नाही. अक्षर लावता आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. रोज गोष्ट वाचून दाखवावी, वाचलेल्यातलं काय कळलं ते विचारावं. आणि इतकं करूनही एखादं पोरगं अडतच असेल तर त्याला 'ढ' म्हणू नका. आधी डोळे तपासा, कान तपासा. काही मुलांना अक्षरं ओळखण्याचीच खरी अडचण असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. ती शिक्षा नाही, मदत मागायचा हक्क आहे.

बाबासाहेबांचं एक उदाहरण देऊन आम्ही मागण्यांकडे येतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या वेळी केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. भीमरावांनी ते वाचलं, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर काय घडलं ते जगाला माहीत आहे. मधे एकोणपन्नास वर्षं आहेत, पण सुरुवातीला एक पुस्तक आणि ते वाचू शकणारा एक मुलगा आहे. परळच्या चाळीत, आपल्यासारख्याच गिरणी कामगारांच्या वस्तीत, सुभेदार रामजींनी पैशाची ओढाताण सोसून पोराला पुस्तकं आणून दिली. आपण आपल्या पोराला निदान ते उघडता येईल इतकं तरी शिकवू.

कमिटीपुढे आमचं म्हणणं असं. यंदा विहाराची कमान बांधायचा ठराव आहे. कमानीला आमचा विरोध नाही. पण कमानीवर जे नाव कोरलं जाईल, ते खालून जाणाऱ्या प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे. म्हणून जयंतीच्या वर्गणीतून आवाजाच्या पेटीचा खर्च एक दिवसाने कमी करावा आणि त्या पैशात अक्षरांचे पुठ्ठे, दोन फळे आणि गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट घ्यावं. दुसरं, आठवड्यातून तीन संध्याकाळी वाचनाचा वर्ग चालेल. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी प्रत्येकी एक संध्याकाळ द्यावी. पाळी लावून देऊ. गिरणीत पाळी चुकत नाही, इथेही चुकायला नको. तिसरं, महिला मंडळाने घरोघरी जाऊन तिसरी ते पाचवीच्या मुलांची यादी करावी आणि बनावट शब्दांची चाचणी घ्यावी. कोणाचं पोरगं अडलंय ते चव्हाट्यावर सांगू नये, नुसतं वर्गात आणून बसवावं. पुढच्या वर्धापनदिनी या यादीतल्या प्रत्येक मुलाने इथे उभं राहून कोणतंही न पाहिलेलं पान वाचावं, एवढंच मागणं आहे.

आमच्या पिढीला अक्षर उशिरा भेटलं. भोंग्याच्या आणि पाळीच्या मधल्या वेळात, रात्रीच्या शाळेत, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत भेटलं. या पोरांना ते वेळेवर भेटू द्या.



जय भीम! नमो बुद्धाय!